हेडऑफिसला दिलेला आवाज

कंपनीचं पत्र आलं तेव्हा मी अमरावतीला एमबीएच्या पहिल्या वर्षाचे शेवटचे पेपर देत होते. पत्र ईमेलवर होतं आणि इंग्रजीत होतं. बियाण्यांची एक मोठी कंपनी, तिचं मुख्यालय, तिथे दोन महिन्यांची उन्हाळी इंटर्नशिप. घरी जाऊन मी ते बाबांना मराठीत सांगितलं. बाबा लाइनमन आहेत, जन्मभर खांबावर चढून त्यांना एक सवय लागली आहे: ते लांबलचक बोलण्यातला एकच तार पकडतात. त्यांनी पकडलेला शब्द होता 'मुख्यालय'. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वलगावातल्या अख्ख्या वस्तीला तो शब्द पाठ झाला होता.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर माझा सत्कार झाला. एक पुष्पगुच्छ, एक पेन आणि भाषण. "आपल्या वस्तीतली मुलगी एका मोठ्या कंपनीच्या मुख्यालयात साहेब म्हणून रुजू होत आहे," असं अध्यक्षांनी जाहीर केलं. आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "साहेब म्हनून नाही, शिकाले चालली, सांग ना त्याईले." मी सांगितलं नाही. टाळ्या वाजत होत्या आणि मला त्या आवडत होत्या.

सत्कारानंतर चहा पिताना शेजारच्या काकांनी विचारलं, "मंग कुठं, मुंबईले का दिल्लीले?"

"अकोल्याले."

काकांनी कप खाली ठेवला. "अकोल्याले काहून?"

"मुख्यालय तिथंच आहे, काका."

"मंग कंपनी मोठी कशी काय?"

अमरावतीच्या माणसाला अकोल्याची कुठलीही गोष्ट मोठी आहे हे पटवून देणं कठीण असतं. बाबांना मात्र वेगळीच चिंता होती. त्यांनी मोबाइलवर इमारतीचा फोटो पाहिला होता. "पुरी काचेची बिल्डिंग हाय. अकोल्यात, मे महिन्यात, काचेची! एसीचा लोड किती असन, विचारजो तिथं."

अकोल्याला मी मावशीकडे राहिले. मावशी सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि उन्हाळ्यात ती जगाकडे फक्त ऊन लागलेले आणि ऊन न लागलेले अशा दोन गटांत पाहते. पहिल्या दिवशी तिने माझ्या डोक्याला ओढणी बांधली, पर्समध्ये कांदा टाकला, पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या आणि ऑटोत बसवलं. सकाळचे नऊ वाजले होते आणि रस्ता आत्ताच पांढरा दिसत होता.

गेटवरच्या गार्डने विचारलं, "कोनाकडं?"

"मी इंटर्न आहे."

"म्हंजे?"

"दोन महिने काम शिकायला आले."

त्याने रजिस्टरचे रकाने पाहिले. कर्मचारी, विक्रेता, पाहुणा. तिन्हींत मी बसत नव्हते. त्याने बराच विचार करून माझ्या गळ्यात 'व्हिजिटर' लिहिलेलं कार्ड अडकवलं आणि कामाच्या रकान्यात 'भेट' असं लिहिलं. पुढचे तीन आठवडे मी त्या कंपनीला रोज सकाळी साडेनऊला भेट देत होते आणि संध्याकाळी सहाला निरोप घेत होते.

आत पाऊल टाकलं आणि दात वाजायला लागले. इमारत पश्चिमेकडे तोंड करून उभी होती. दुपारी काच तापायची, म्हणून सगळीकडे पडदे ओढलेले. पडद्यांमुळे अंधार, म्हणून दिवसभर दिवे. दिव्यांनी आणि काचेने गरम होऊ नये म्हणून एसी हिवाळ्यावर लावलेला. बाहेर माणसं उन्हाने भोवळ येऊन पडत होती आणि आत हिशेब विभागातले एक साहेब कानाला मफलर गुंडाळून बसले होते. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर शाल. संध्याकाळी मावशीला मी म्हटलं, "मावशी, तुझं स्वेटर आहे का गं?" तिने आधी माझ्या कपाळाला हात लावला, मग थर्मामीटर आणलं.

पहिल्या दिवशी एचआरच्या मॅडमनी माझं स्वागत केलं. त्या पुण्याहून आलेल्या, हसऱ्या, आणि अकोल्यावर मनापासून प्रेम करायचा प्रयत्न करणाऱ्या. त्यांनी मला एकटीला तीन तास स्लाइड्स दाखवल्या. कंपनी म्हणजे एक कुटुंब होतं. इथे कुणी कुणाला साहेब म्हणत नव्हतं, सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत होते. हे खरंच होतं. तसा हुकूमच निघाला होता. तेव्हापासून लोक साहेबांचं पहिलं नाव घेत आणि त्याला 'साहेब' जोडत. हुकूम पाळला जात होता आणि जीवही वाचत होता.

भिंतीवर कंपनीचं ब्रीद मोठ्या अक्षरांत होतं: शेतकरी सर्वांत आधी. अर्थात इंग्रजीत. खाली एका शेतकऱ्याचा माणसाएवढा फोटो. दात पांढरेशुभ्र, फेटा नवाकोरा, आणि पायाखालची माती लाल. काळ्या मातीतून मी तिथे गेले होते, म्हणून नजर आधी तिथेच गेली. खराखुरा शेतकरी मुख्यालयात आलाच तर त्याला गेटबाहेर निंबाच्या झाडाखाली बसवत, कारण त्याच्यासाठीही रजिस्टरमध्ये रकाना नव्हता.

माझ्यासाठी खुर्ची नव्हती. कोणाची तरी बदली होणार होती, मग मिळणार होती. तोवर मॅडमनी मला ध्यानाच्या खोलीत बसवलं. तिथे सतरंजी होती, पितळी वाटीतलं पाणी होतं आणि 'शांतता' अशी पाटी होती. ध्यान करायला कुणीच येत नसे. दुसऱ्या कंपनीतल्या नोकरीबद्दल फोनवर हळू आवाजात बोलायला मात्र सगळे तिथेच येत. माझ्याकडे पाहून दचकत, मग गळ्यातलं 'व्हिजिटर' वाचून निश्चिंत होत आणि पगाराचं पुढे बोलत. दहा दिवसांत कोण कोण कुटुंब सोडून जाणार आहे हे एचआरच्या आधी मला कळलं होतं.

अकराव्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "तुला आपण हेल्पलाइनला टाकू. तिथे एक खुर्ची आहे."

हेल्पलाइन तळमजल्यावर मागच्या बाजूला होती. तिथे काच नव्हती, साध्या विटांची भिंत होती आणि खिडकीत कूलर. त्या खोलीत मला पहिल्यांदा उबदार वाटलं. चार टेबलं होती, त्यातली तीन रिकामी. चौथ्यावर पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई कानाला हेडफोन लावून बोलत होत्या. सगळी कंपनी त्यांना 'बाई'च म्हणायची. पहिल्या नावाचा हुकूम त्यांच्या टेबलापर्यंत पोचला नव्हता. त्यांचं माहेर हिवरखेडचं, भावांची शेती, आणि वीस वर्षं त्या हाच फोन उचलत होत्या.

"गाव कोनतं तुह्यं?" त्यांनी हेडफोनवर हात ठेवून विचारलं.

"वलगाव."

"बस मंग."

एवढंच माझं तिथलं स्वागत. तीन तासांच्या स्लाइड्सपेक्षा ते जास्त कळलं.

टेबलावर लॅमिनेशन केलेला कागद होता. फोन उचलून काय बोलायचं ते त्यावर लिहिलेलं. "नमस्कार, आपला दिवस शुभ असो. आमच्या परिवारात आपलं सहर्ष स्वागत आहे. मी आपल्याला कशा प्रकारे साहाय्य करू शकते?" मी दोनदा मनात वाचलं आणि पहिला फोन उचलून एका दमात म्हटलं.

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज. मग एक माणूस म्हणाला, "बाई, तुमी मुंबईवरून बोलून राहिल्या का? मंग राहू द्या, आमचं काम अकोल्याले हाय." आणि फोन ठेवला.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "थ्यो कागद उलटा ठेव. अन् वलगावात बोलते तशी बोल."

पण वर, तिसऱ्या मजल्यावर, आमचे फोन ऐकून गुण देणारा एक विभाग होता. आठवड्याच्या शेवटी निकाल आला. मुंबईची बाई समजून त्या माणसाने जो फोन ठेवून दिला होता, त्यासाठी मला दहापैकी नऊ गुण होते. अभिवादन पूर्ण, उच्चार शुद्ध, वेळेची बचत उत्तम. बाईंना त्या आठवड्यातही तीन. त्या अभिवादन करत नसत, 'बोला' म्हणत, आणि एकेक फोन दहा-बारा मिनिटं चाले. एका शेतकऱ्याला त्यांनी कपाशीच्या दोन ओळींतलं अंतर सांगता सांगता त्याच्या पोरीचं ऑपरेशन कसं झालं तेही विचारलं होतं. शेऱ्यात लिहिलं होतं: विषयांतर.

बाईंनी तो कागद घडी करून डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारला. तिथे तसे बरेच कागद होते. टेबल आता बरंच सरळ होतं.

त्या आठवडाभरात मी खरं काम शिकले. घरचं सोयाबीन उगवतं का नाही ते कसं पाहायचं, दुकानदार 'स्टॉक नाही' म्हणतो तेव्हा पुढचा प्रश्न काय विचारायचा, रागावलेल्या माणसाला आधी पूर्ण रागावू कसं द्यायचं. मी सुखात होते. तेवढ्यात मला वरून बोलावणं आलं.

वरच्या मीटिंग हॉलमध्ये एचआर मॅडमसोबत एक सल्लागार बसले होते. तेही पुण्याचे, पांढरे बूट, मऊ आवाज. कंपनी हेल्पलाइनसाठी एक यंत्र आणत होती. शेतकऱ्याने फोन केला की यंत्रच ऐकणार आणि यंत्रच बोलणार, तेही अस्सल वऱ्हाडीत. त्यासाठी त्यांना स्थानिक आवाज हवा होता. मॅडमना मी आठवले.

"तू घरी जशी बोलतेस तशी बोल," सल्लागार म्हणाले. हे मी बाईंकडून ऐकलं होतं, त्यामुळे मला आनंद झाला. मी बोलले.

त्यांनी मान वाकडी केली. "छान आहे. पण थोडं अजून रांगडं हवं."

त्यांच्याकडे वऱ्हाडी शब्दांची यादी होती. ती त्यांनी मोबाइलवर फिरणाऱ्या विनोदी क्लिप ऐकून केली होती, आणि मेहनत प्रामाणिक होती. प्रत्येक वाक्यात 'बावा' हवं होतं. 'काहून' शक्य तिथे हवं होतं. सुरुवात 'राम राम'ने करायची ठरली होती. मी म्हटलं, "सर, सगळेच राम राम नाही म्हणत. आमच्याकडे नाही म्हणत." ते खरंच विचारात पडले, त्यांनी वहीत काहीतरी टिपलं आणि 'राम राम' काढलं. त्यांचं मला तेवढ्यापुरतं कौतुक वाटलं. मग ते म्हणाले, "त्याऐवजी थेट 'काय गा' म्हणू. 'काय गा, काय झालं, सांग नं बावा.'"

"सर, अनोळखी माणसाला असं कसं म्हणायचं? वयाने मोठा असला तर?"

"वऱ्हाडीत अहोजाहो नसतंच ना. तीच तर तिची गोडी आहे."

"असतं, सर. आम्ही 'तुमी' म्हणतो."

"हो, पण 'तू'मध्ये जवळीक आहे," ते हसून म्हणाले. मॅडमनीही मान हलवली. मी अजून एकदा बोलायला हवं होतं. जन्मापासून आजवर मी माझ्या आजोबांच्या वयाच्या कुणालाही 'काय गा' म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर आईने तिथल्या तिथे कानाखाली काढली असती. पण ते दोघं माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते, ज्या नजरेने मुख्यालयातल्या कुणीच आजवर पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, "ठीक आहे, सर."

रेकॉर्डिंगसाठी एका स्टोअररूमच्या भिंतींना गाद्या लावल्या होत्या. आवाज नको म्हणून तिथला एसी बंद. त्या अख्ख्या इमारतीत अकोल्याचा मे महिना फक्त त्याच खोलीत शिल्लक होता. घामाने निथळत मी चार दिवस वाक्यं बोलले. प्रत्येक वेळी "अजून थोडं रांगडं." चौथ्या दिवशी मी वलगावात कधी कुणी बोललं नसेल एवढं वलगावचं बोलले. सल्लागारांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "सो क्यूट!" दुसऱ्या दिवशी माझं खरं ओळखपत्र आलं, फोटोसकट. त्याच्या दुसऱ्या दिवशी खुर्ची आली, चाकांची. जेवणाच्या सुट्टीत मी वरच्या लोकांच्या टेबलावर बसू लागले.

तिथे मी वऱ्हाडी बोलत नसे. तिथे मी 'मला', 'तुला', 'जमेल का' असं बोलायचे, पुण्याच्या माणसालाही चूक सापडू नये इतकं. गाद्यांच्या खोलीत रांगडं आणि जेवणाच्या टेबलावर शुद्ध. स्वतःसारखं बोलायला दिवसात वेळच उरला नव्हता. एका रविवारी बाबांना फोन केला आणि म्हटलं, "बाबा, मी तुम्हाला संध्याकाळी निवांत फोन करते, चालेल ना?"

"कोन बोलून राहिलं?" बाबांनी विचारलं.

"मी आहे."

"हाव का? मले वाटलं बँकेतली कोनी बाई कार्ड विकून राहिली."

बाईंना यंत्राचं कळायला वेळ लागला नाही. एक दिवस मी त्यांच्या जुन्या फोनच्या रेकॉर्डिंगमधून वाक्यं उतरवून घ्यायला खाली गेले. सल्लागारांना नमुने हवे होते. बाईंनी मला कागदावर लिहिताना थोडा वेळ पाहिलं.

"असं बोललं म्हनून मले तीन मार्क देतेत," त्या म्हणाल्या, "अन् मशिनीले तेच शिकवून राहिले?"

मी म्हटलं, "बाई, मशीन फक्त साधे फोन घेणार. कठीण असले तर तुमच्याकडेच येतील."

"कोनी सांगतलं?"

"वर सांगितलं."

"वर," असं म्हणून बाईंनी पुढचा फोन उचलला. त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. मी वर गेले आणि स्वतःला सांगितलं की बाई जुन्या वळणाच्या आहेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात यंत्राचं प्रात्यक्षिक ठेवलं. मोठा हॉल, चाळीसेक माणसं, सगळ्यांच्या खांद्यावर शाली. पुढच्या रांगेत कंपनीचे मोठे साहेब. ते इथलेच, पण ऑफिसात त्यांना इंग्रजीखेरीज बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. हेल्पलाइनची खरी लाइन तासाभरासाठी यंत्राला जोडली होती. जो फोन येईल तो सगळ्यांनी ऐकायचा. मॅडमनी मला दुसऱ्या रांगेत बसवलं आणि आजूबाजूच्या लोकांना हळूच सांगितलं, "आवाज हिचा आहे."

पहिला फोन सरळ गेला. एकाने जवळच्या दुकानाचा पत्ता विचारला, यंत्राने माझ्या आवाजात 'बावा' लावून सांगितला. लोक हसले, टाळ्या झाल्या. माझे कान गरम झाले.

दुसरा फोन वाजला. एक म्हातारा, सावकाश आवाज. "नमस्कार. मी अचलपूर तालुक्यातून बोलतो आहे. मला सोयाबीनच्या बियाण्याविषयी थोडी माहिती हवी होती."

"काय गा, काय झालं? सांग नं बावा!" मी म्हणाले. म्हणजे यंत्र म्हणालं.

"कोण बोलताय आपण?"

"तुह्याच घरची समज! काय अडचन हाय तुही?"

"बाई, मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे. आयुष्यभर शाळेत शिकवलं. ही बोलण्याची कोणती पद्धत?"

"समजलं नाही बावा. मोठ्यानं बोल!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सल्लागार वहीत बघत होते. म्हातारा माणूस खरंच मोठ्याने बोलला, शिक्षकाला वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा असतो तसा आवाज काढून: "तुमच्या घरी वडीलधाऱ्यांशी असंच बोलतात का? कोणत्या गावच्या आहात तुम्ही?"

"समजलं नाही बावा. मोठ्यानं बोल!"

आता कुणी हसलं नाही. मला माझ्या गावाचं नाव सांगावंसं वाटलं नाही. त्या माणसाने कंपनीशी बोलायचं म्हणून आपली ठेवणीतली मराठी बाहेर काढली होती, जशी आपण पाहुण्यांसाठी चादर काढतो, आणि माझ्या आवाजाने तिच्यावर चिखलाचे पाय पुसले होते.

"बंद करा ते," मोठे साहेब म्हणाले. मराठीत. मग मागे वळून, "आवाज कोणाचा आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं: ते 'तू' माझं नाही, मी एकदा म्हटलं होतं. पण एकदाच म्हटलं होतं, हेही खरं होतं. "माझा आहे, सर. सॉरी," एवढंच तोंडातून निघालं.

फोन अजून चालूच होता. मॅडम पळत खाली गेल्या आणि बाईंना घेऊन आल्या. बाई हेडफोन गळ्यात तसाच ठेवून आल्या होत्या. चाळीस माणसांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. टेबलावरचा फोन उचलला. स्पीकर बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

"काका, नमस्कार करते. चुकलं आमचं. थे मशीन होतं, मानूस नव्हतं. तुमी बोला, मी ऐकून राहिली."

गुरुजी आधी पाच मिनिटं रागावले. बाईंनी रागावू दिलं. मग ते मुद्द्यावर आले. घरचं सोयाबीन ठेवलं होतं, पेरावं की विकत घ्यावं?

"पोते एकावर एक किती रचले होते, गुरुजी?"

"सात-आठ असतील."

"मंग खालच्या पोत्यातलं येगळं पाहा, दबलेलं रायते थे. शंभर दाने घ्या. गोनपाट ओलं करा, त्याच्यावर दहा-दहाच्या रांगी लावा, गुंडाळून सावलीत ठेवा. पानी शिंपडत राहा. आठ दिवसानं उघडून मोजा. सत्तरच्या वर उगवले तं खुशाल पेरा. मंग आमचं बियानं घ्याची काही गरज नाही."

विक्री विभागाच्या साहेबांना जोराचा खोकला आला. मोठे साहेब बाईंकडे पाहतच राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही प्रत्येकाला असंच सांगता? घेऊ नका म्हणून?"

"ज्याचं घरचं चांगलं हाय त्यालेच सांगते," बाई म्हणाल्या. "थ्यो मानूस कपाशीच्या टायमाले दुसऱ्या कोनाचं घेत नाही, साहेब." आणि त्या खाली गेल्या, कारण लाइनवर पुढचे फोन थांबले होते.

त्या दिवसानंतर मुख्यालयात जे झालं ते मुख्यालयाला शोभेलसंच झालं. एक समिती नेमली. समितीने यंत्राचं काम पुढच्या हंगामावर ढकललं, आणि पहिल्या टप्प्यातल्या चुका शोधण्यासाठी दुसरा टप्पा मंजूर केला. तो त्याच सल्लागारांना मिळाला. गुण देणाऱ्या विभागाला बाईंच्या कामाची दखल घ्यायला सांगितलं गेलं. पुढच्या आठवड्यात बाईंना दहापैकी चार मिळाले.

मी मॅडमना म्हटलं, मला उरलेले दिवस खाली बसू द्या. त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांनाही त्या हॉलमध्ये वाईट वाटलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

खाली गेले तेव्हा बाई फोनवर होत्या. मी रिकाम्या टेबलाशी उभी राहिले. बोलणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "उभी काहून हायेस? खुर्चीची चाकं वरच रायली वाटते."

"बाई, मला त्या गुरुजींना फोन करायचा आहे."

"तं कर. मले काय विचारते? नंबर रजिस्टरमंधी हाय."

मी नंबर शोधून फोन लावला. गुरुजींनी फोन उचलला आणि 'नमस्कार' ऐकताच मला ओळखलं. "तुम्ही त्याच मशीन ना?"

"नाही गुरुजी, माणूस आहे. आवाज माझा होता. माफी मागायला फोन केला."

"त्यांनी तुमच्याकडून बोलून घेतलं?"

"हो. पण बोलले मीच." मग न ठरवता तोंडातून गेलं, "मले तवाच माहीत होतं का हे चुकीचं हाय."

मग गुरुजींनी शाळेतल्यासारखी माझी उलटतपासणी घेतली. गाव, वडील काय करतात, शिक्षण किती, आणि एवढं शिकून 'नाही' म्हणता येत नाही तर शिकलात काय? शेवटचा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. मी दोन्ही वेळा "हो गुरुजी" म्हणाले, जे त्याचं उत्तर नव्हतं. "बरं," ते म्हणाले, "गोणपाट गुंडाळून ठेवलं आहे. मोजलं की कळवतो."

आठवड्याने त्यांचा फोन आला तो मीच घेतला. "त्र्याऐंशी उगवले वं, पोरी," ते ओरडून म्हणाले. "खालच्या पोत्यातले पन्नासच. थे मार्केटले इकून टाकतो." त्यांच्या ठेवणीतल्या मराठीची घडी पुन्हा कपाटात गेली होती. आम्ही बारा मिनिटं बोललो. सोयाबीनवर त्यातली चार.

जूनच्या शेवटी माझी इंटर्नशिप संपली. प्रमाणपत्र मिळालं, जाड कागदाचं. त्यावर लिहिलं होतं की मी ग्राहक अनुभवाच्या डिजिटल परिवर्तनात मोलाचं योगदान दिलं. आईने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं. बाबांनी एसीच्या लोडचं विचारलं. मी ते विचारायला विसरले होते.

हिवाळ्यात कंपनीकडून नोकरीचं विचारणारं पत्र आलं. मी आधी बाईंना फोन केला, हेल्पलाइनच्याच नंबरवर. त्यांनी 'बोला' म्हटलं, मी सगळं सांगितलं, आणि विचारलं की घेऊ का.

"कुठं बसवून राहिले? वर का खाली?"

"पत्रात लिहिलेलं नाही."

"मंग आधी थे विचार. अन् खाली म्हनत असन तरच ये. तीन टेबलं रिकामे हायेत."

मी मॅडमना तसं कळवलं. आठ दिवसांनी उत्तर आलं की तळमजल्यावर बसायची इच्छा आजवर कुणी व्यक्त केलेली नसल्यामुळे तशी तरतूद नाही, मात्र हरकतही नाही. शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या सोमवारी मी रुजू होणार आहे. मावशीने स्वेटर धुऊन ठेवलं आहे. तिला सांगायचं राहिलं की मी कूलरच्या खोलीत बसणार आहे.